वाफ्यावरची बुरशी

आमचे पेठ वडगाव हे बाजाराचे गाव. आठवड्याच्या बाजारात भोवतालच्या खेड्यांतील भाजी येथे येऊन पडते. आमच्या मळ्यातील मिरचीही त्यात असे. एका वर्षी त्या मिरचीची रोपे तयार करण्याचे काम आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, माझ्यावर सोपवले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. "हा वाफा तुझा. रोपे तगली तर मिरची लागेल, नाही तर रान पडून राहील," एवढेच ते म्हणाले.

मे महिन्याच्या अखेरीस मी वीतभर उंचीचा गादीवाफा केला. त्यावर उकिरड्यातील खत पसरले, ओळी ओढून बी पेरले आणि सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालू लागलो. आठ-दहा दिवसांनी कोंब वर आले. माझा आनंद गगनात मावेना. इतक्यात मृगाचे ढग दाटून आले. ऊन दिसेनासे झाले, तरी माझी झारी थांबली नाही. रोपांवर माझी माया होती ना!

एके सकाळी पाहतो तो काय, खतावर पिंजलेल्या कापसासारखी पांढरी बुरशी पसरली होती! मला घाम फुटला. आबांना सांगायची लाज वाटली. मी ओळींमधून आणखी खत टाकून बुरशी झाकली, काटक्या रोवून वर गोणपाट अंथरले आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने घरी आलो.

तीन दिवसांनी गोणपाट उचलले. निम्मी रोपे आडवी झाली होती. त्यांची खोडे मातीलगत काळी पडून बारीक झाली होती. मग मात्र मला राहवले नाही. रडत रडत मी आबांना सारे सांगितले.

आबा रागावले नाहीत. त्यांनी मूठभर माती दाबली. बोटांतून पाणी ठिबकले. ते म्हणाले, "पोरा, ती पांढरी बुरशी वैरी नव्हे. ती मेलेला पाला खाते आणि त्याचे खत करते. खत कच्चे आहे, ओल फार झाली आहे, हेच ती सांगत होती. तू तिचे ऐकले नाहीस, तिला झाकलेस. वारा कोंडला आणि खऱ्या वैऱ्याचे फावले."

त्यांनी मेलेली रोपे मातीसकट दूर टाकायला लावली. दाट रोपे विरळ केली, साचलेल्या पाण्याला वाट करून दिली. माती वरून सुकेपर्यंत झारी खुंटीला टांगली गेली. उरलेली रोपे वाचली.

तो वैरी कोण, हे मला पुढे पुस्तकांतून कळले. पिथियमसारखे सूक्ष्म जीव साचलेल्या ओलीत वाढतात आणि कोवळी रोपे कोलमडून पाडतात. उलट, ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी अशा रोगांना आळा घालते. म्हणून आज कित्येक शेतकरी ती खतात मिसळतात, बियाण्याला चोळतात.

त्या वर्षी आमच्या निम्म्याच रानात मिरची लागली. आबा त्याविषयी एक शब्दही बोलले नाहीत. पण दर बाजाराला निम्मी भरलेली पाटी डोक्यावर घेताना, तीन दिवस अंथरून ठेवलेले ते गोणपाट मला आठवे.