परत फिरण्याची मुभा

मार्च महिना सरत आला की मीरा-भाईंदरच्या व्यापारी घरांतून उन्हाळी प्रवासाच्या चर्चेला आरंभ होतो. वर्षाचा हिशेब बंद होत आलेला असतो, मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, आणि चातुर्मास लागण्यापूर्वीचे दोन-तीन महिने प्रवासाला मोकळे असतात. पूर्वी या चर्चेत पालिताणा, शिखरजी आणि माउंट अबू ही नावे येत. आता त्यांच्या जोडीला युरोपही येतो. सोबत आपला स्वयंपाकी, सूर्यास्तापूर्वी भोजन आणि कंदमुळांचे नाव नाही, अशा सहलींची सोय झाल्यापासून घरातील वडीलधारी मंडळीही परदेशी जाण्यास राजी होतात. अशा सहलींत इटलीतील कोमो सरोवराचे नाव हल्ली वारंवार ऐकू येते, आणि त्याच्यासोबत तेथील खासगी बोटीचेही.

कोमो हे इटलीच्या उत्तरेस, आल्प्सच्या पायथ्याशी असलेले सुमारे १४६ चौरस किलोमीटरांचे सरोवर. इंग्रजी वाय अक्षर उलटे ठेवावे तसा त्याचा आकार आहे. काही ठिकाणी त्याची खोली ४०० मीटरांहून अधिक आहे. काठावरील कोमो शहर रेशमी कापडावरील छपाई आणि रंगकामासाठी प्रसिद्ध असल्याने कापडाच्या धंद्यातील माणसाला ते नाव परके वाटत नाही. सरोवराच्या मध्यभागी वारेन्ना, बेल्लाजिओ, मेनाज्जो ही गावे समोरासमोर वसली आहेत आणि त्यांच्यामध्ये सार्वजनिक बोटी दिवसभर ये-जा करतात. वारेन्नाहून बेल्लाजिओला जाण्यास पाव तास पुरतो. मग तेच पाणी आणि तेच डोंगर पाहण्यासाठी चालकासह स्वतंत्र बोट घेऊन, तासाच्या हिशेबाने कित्येक पट भाडे का द्यावे, हा प्रश्न कोणत्याही हिशेबी माणसाला पडावा.

भाईंदर पश्चिमेतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी २०२४ च्या दिवाळीनंतर नेमका हाच प्रश्न निघाला. पुढील मे महिन्यात बापुजी आणि बा यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. मुलाने कोमोचा बेत आखला होता आणि त्यात खासगी बोटीचे तीन तास धरले होते. बापुजींनी आकडा ऐकला, चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "यात जास्तीचे मिळते काय?" मुलाने आराम, एकांत, छायाचित्रे अशी कारणे सांगितली. बापुजींना ती पटली नाहीत. बांनी मात्र भाड्याचा विचारच केला नाही. त्या म्हणाल्या, "मला कुठल्याच बोटीत बसायचे नाही. तुम्ही सगळे जा, मी काठावर माळ फेरत बसेन."

घरात कोणी आग्रह केला नाही, कारण त्या नकाराचे मूळ सर्वांना ठाऊक होते. हे कुटुंब मूळचे मोरबीचे. ११ ऑगस्ट १९७९ रोजी, अतिवृष्टीनंतर, मच्छू नदीवरील दुसऱ्या क्रमांकाचे धरण दुपारी फुटले आणि काही किलोमीटर खाली असलेले मोरबी शहर पाण्याखाली गेले. पर्युषण जवळ आले होते आणि बाजारात सणाची वर्दळ होती. बा तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन त्या शेजाऱ्यांच्या माडीवर चढल्या, तेथून पत्र्यावर गेल्या आणि अंधार पडेपर्यंत तेथेच बसून राहिल्या. बापुजी त्या दिवशी खरेदीसाठी राजकोटला गेले होते म्हणून वाचले. बांची धाकटी नणंद मात्र खालच्या मजल्यावर वाळवण आत घेण्यासाठी थांबली होती. ती पुन्हा दिसली नाही. दुकानातील कापडाचे ताके चिखलात रुतून दगडासारखे जड झाले होते. ते उपसण्यास चार दिवस लागले, एवढेच बापुजी कधीमधी सांगत. बा त्याविषयी काहीच बोलत नसत.

त्यानंतर कुटुंब मुंबईला आले आणि काही वर्षांनी, परवडणारी जागा मिळाली म्हणून, भाईंदरला. उत्तरेस वसईची खाडी आणि पश्चिमेस समुद्र अशा या गावात बांनी चार दशके संसार केला, पण खाडीच्या काठावर त्या कधी गेल्या नाहीत. बापुजी मालासाठी सुरतला जात तेव्हा खाडीवरील पूल ओलांडत. गाडीचा आवाज बदलला की पूल आला हे त्यांना डोळे मिटूनही कळे. बा वर्षातून एकदा सौराष्ट्र मेलने माहेरी जात. बोरिवली सुटले की त्या खिडकीची झडप ओढून घेत आणि नायगाव मागे पडेपर्यंत ती उघडत नसत. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील आयंबिलाच्या ओळीत श्रीपाळ राजाचा रास वाचला जाई. धवलशेठ श्रीपाळाला जहाजावरून समुद्रात ढकलतो आणि तो कोकणच्या किनाऱ्याला, परंपरेप्रमाणे ठाण्याला, सुखरूप लागतो, हा प्रसंग आला की बाकीच्या बायका पुढे सरसावत. बा मात्र पदर सावरत उठून जात.

तरीही वारेन्नाच्या बेताला एक फाटा फुटला, तो नातीमुळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर आणि वसई यांच्या दरम्यान वाहने व प्रवासी नेणारी रो-रो बोटसेवा सुरू झाली होती. रस्त्याने पस्तीस किलोमीटरांच्या आसपास पडणारा वळसा तिच्यामुळे पंधरा-वीस मिनिटांवर आला. नात म्हणाली, "बा, आधी आपल्या खाडीतून जाऊन बघू. आवडले नाही तर इटलीचे नाव काढणार नाही." बांनी दोन आठवडे उत्तर दिले नाही. मग जानेवारीतील एका सकाळी, नवकारशी झाल्यावर, त्या स्वतःच चपला घालून दाराशी उभ्या राहिल्या.

बोट रुंद, लोखंडी आणि सपाट होती. तिच्यावर मोटारी आणि दुचाक्या दाटीने उभ्या होत्या. बा मधोमध, एका खांबाला धरून बसल्या. शेजारी स्कूटरवर एक तरुण जोडपे होते आणि त्यांचे लहान मूल पुढच्या बाजूस आईच्या हातावर झोपी गेले होते. बांनी सारा वेळ त्या मुलाकडेच पाहिले. पाण्याकडे त्यांनी एकदाच पाहिले, तेही मागे रेल्वेचा पूल दिसेनासा होत होता तेव्हा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांकडून घेतलेला वसईचा किल्ला समोर आला, बोट धक्क्याला लागली आणि सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. परत मात्र बा मोटारीने, घोडबंदरच्या रस्त्याने आल्या.

त्या रात्री बापुजींनी विचारले, "फार भीती वाटली का?" बा थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पाण्याची इतकी नाही वाटली. अर्ध्या वाटेत मला उतरावेसे वाटले, पण सांगणार कोणाला? एवढी माणसे, एवढ्या गाड्या. माझ्यासाठी कोण मागे फिरणार? त्या दिवशी पत्र्यावर असेच झाले होते. खाली जाता येत नव्हते, वर जायला जागा नव्हती."

बापुजींच्या प्रश्नाला उत्तर मिळाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला बोलावून सांगितले, "ती बोट घे. तीन तास नको, एक तास घे. आणि आधी विचारून घे, मधूनच परत फिरवायची म्हटले तर तो फिरवेल ना?" मुलाने इटलीला विचारणा केली. उत्तर आले की बोट आपल्यासाठीच आहे. म्हणाल तेथे थांबेल, म्हणाल तेथून फिरेल. खासगी बोटीचे जास्तीचे भाडे कशासाठी असते, ते त्या ओळीत स्पष्ट झाले होते. सार्वजनिक बोटीत प्रवासी वेळापत्रकाच्या स्वाधीन असतो; खासगी बोटीत थांबण्याचा आणि माघारी वळण्याचा निर्णय त्याचा असतो. निरोगी, निर्धास्त माणसाला त्याची किंमत वाटणार नाही. ज्याच्या मनात एखादी जुनी दुपार अजून संपलेली नसते, त्याला दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस हे पाच जण मिलानहून तासाभराच्या रेल्वेप्रवासाने वारेन्नाला पोहोचले. लाकडी मोटारबोटीचा चालक साठी ओलांडलेला होता. बांना तरंगते जाकीट घातले, पट्टे आवळले, आणि त्यांनी नातीच्या तोंडून दोन अटी घातल्या: बोट काठाच्या जवळून न्यावी, आणि हात वर केला की फिरवावी. चालकाने मान हलवली. दहा-बारा मिनिटे बोट संथपणे चालली. मग बांनी विचारले, "याच्यावर धरण आहे का?"

नातीने प्रश्न इंग्रजीत सांगितला. चालकाने लेक्कोच्या दिशेला हात केला: अड्डा नदी त्या बाजूने सरोवरातून बाहेर पडते आणि पुढे ओल्जिनाते येथे दरवाजे बसवून पाण्याची पातळी राखली जाते. मग त्याने विचारले, आजी हे का विचारतात? नातीने मोरबीची हकीकत चार वाक्यांत सांगितली. त्याने यंत्र बंद केले. क्षणभराने तो एकच शब्द बोलला, "वायोंत."

वायोंत हे ईशान्य इटलीतील धरण. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री तेथे डोंगराचा प्रचंड कडा जलाशयात कोसळला, उसळलेली लाट धरणाच्या माथ्यावरून पलीकडे गेली आणि खालच्या लोंगारोने गावासह सुमारे दोन हजार माणसे काही मिनिटांत नाहीशी झाली. धरणाची भिंत मात्र उभीच राहिली. ती आजही उभी आहे. चालक तेव्हा लहान होता. घरातील मोठी माणसे रेडिओभोवती बसून रडत होती, एवढे त्याला आठवत होते. नात हे गुजरातीत सांगत गेली. बा ऐकत राहिल्या. बोट हलके हलके डोलत होती आणि कोणी काही बोलत नव्हते. मग बांनी, कोणी न विचारता, नणंदेचे नाव घेतले. ती सोळा वर्षांची होती, तिला भरतकाम सुरेख येत असे, आणि त्या दिवशी वाळत घातलेले पापड तिनेच लाटले होते, असे त्या म्हणाल्या. जे मूल तेव्हा त्यांच्या कडेवर होते, त्या मुलाने हे सारे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्रथमच ऐकले.

त्यानंतर थोड्याच वेळात बांनी हात वर केला. बोट वळली. तासातील वीस-पंचवीस मिनिटे शिल्लक होती. लेन्नोच्या टोकावरील बाल्बियानेल्लो हा चित्रपटांतून गाजलेला वाडा पाहण्याची नातीची फार इच्छा होती. तो दिसलाच नाही. काठावर उतरल्यावर बापुजींनी ठरलेले पूर्ण भाडे मोजून दिले. आयुष्यभर एका मीटरमागे आठ आणे कमी करून घेणाऱ्या त्या माणसाने उरलेल्या वेळेचा विषयही काढला नाही. तेथे त्या दिवसांत सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. त्यामुळे चौविहाराची घाई नव्हती. सर्वांनी धक्क्याजवळच्या बाकावर बसून घरून आणलेले खाखरे आणि मेथीचे ठेपले खाल्ले. दुसऱ्या दिवशी मुलगा, सून आणि नात सार्वजनिक बोटीने जाऊन तो वाडा पाहून आले. बा आणि बापुजी वारेन्नालाच थांबले.

बांची भीती गेली, असे मात्र झाले नाही. त्या वर्षी श्रावणात माहेरी जाताना त्यांनी खिडकीची झडप नेहमीप्रमाणे ओढलीच. इतकाच फरक झाला की ११ ऑगस्टला घरात त्या मुलीच्या नावाने प्रथमच जीवदयेचे दान लिहिले गेले, आणि नातवंडांना आता तिचे नाव ठाऊक आहे.

प्रवासाचे बेत आखताना मुले बहुधा आई-वडिलांना काय दाखवायचे याची यादी करतात. यादी लांब असते, दिवस थोडे असतात, आणि वडीलधारी माणसे मुलांचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून थकवा व भीती दोन्ही गिळून पुढे चालत राहतात. म्हणून आरक्षण करण्यापूर्वी एक प्रश्न विचारून ठेवावा. तो सहल नेणाऱ्याला विचारावा आणि स्वतःच्या मनालाही: अर्ध्या वाटेत त्यांनी हात वर केला, तर आपण फिरू का? उत्तर होय असेल तर बोट कोमोची असो वा वसईच्या खाडीतील, भाडे वसूल झाले असे समजावे.