लोर्नाचा आवाज आणि आमची सनावळी

मराठी-कोकणी वाद आम्ही दोघींनी जालन्याच्या वर्गांतून कित्येक वर्षे शिकवला. गोव्याचा १९६७चा जनमत कौल, साहित्य अकादमीने १९७५मध्ये कोकणीला दिलेली मान्यता, १९९२मधला आठव्या अनुसूचीतील समावेश, सारी सनावळी तोंडपाठ. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, कोकणी ऐकायला कशी वाटते?" आणि आम्ही निरुत्तर झालो.

त्या शोधात लोर्ना कोर्देरो भेटल्या. मुंबईत वाढलेली ही गोवेकर गायिका १९६०च्या दशकात ट्रंपेटवादक ख्रिस पेरी यांच्या बँडबरोबर चर्चगेटच्या हॉटेलांतून इंग्रजी जॅझ आणि लोकप्रिय गाणी गात असे. कोकणी गाण्यांच्या तबकड्यांनी तिला घरोघरी नेले. आम्ही शिकवलेल्या कथांतल्या मुंबईत चाळी होत्या, गिरण्या होत्या. ही मुंबई नव्हती.

'बेबदो' म्हणजे दारुडा, शब्द थेट पोर्तुगीजमधून आलेला. 'पिसो' मात्र आमच्या ओळखीचा निघाला. तुकोबांचे 'पिसे' शिकवताना खर्ची घातलेल्या तासिका आठवल्या. अशा शब्दांवरून भाषावादाचा निकाल लावण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा. तो भरदार, किंचित खरखरीत आवाज ऐकताना वादाची आठवणही राहिली नाही.

१९७०च्या दशकात लोर्ना आणि पेरी वेगळे झाले. पेरींचे संगीत चालू राहिले. १९७७मध्ये त्यांचा 'भुयारांतलो मनीस' हा चित्रपट आला. लोर्ना मात्र सुमारे दोन दशके गप्प राहिल्या. १९९५मध्ये रॉनी मोन्सेरात यांच्या साथीने 'हॅलो लोर्ना' आले, तेव्हा कुठे तो आवाज परतला. पुढे २०१४च्या 'नाचूंया कुंपासार' या बार्द्रॉय बार्रेतो यांच्या चित्रपटामुळे ही कहाणी नव्या पिढीपर्यंत पोहोचली, अर्थात प्रेमकहाणी म्हणून. आम्हांला ती दोन दशके अधिक छळतात. गाणी रचणारा गायिकेवाचून चालत राहतो आणि गायिका थांबते, हे कसे?

येथे आमच्यात मतभेद आहे. एकीच्या मते शब्द नि चाल पेरींची, तेव्हा समीक्षेने कर्ता त्यांनाच मानावे. दुसरी म्हणते, बेबद्याचा झोक कागदावर कुठे आहे? तो लोर्नाच्या गळ्यात आहे. येत्या सत्रात हा वाद मुलांसमोरच मांडायचा बेत आहे. त्याआधी बरा स्पीकर मिळवायला हवा. मागच्या वेळी ट्रंपेट नुसते फरफरत होते.