आकडे सांगणाऱ्याचे आकडे

क्रिकेटपटूंचे आकडे शोधायचे तर फारशी अडचण येत नाही. कोणी किती धावा काढल्या, कोणत्या मैदानावर, कितव्या डावात, सारे छापलेले मिळते. पण ज्यांनी हे आकडे आयुष्यभर आपल्याला सांगितले, त्यांची साधी माहिती शोधायला गेले की तारांबळ उडते. बाळ ज. पंडित यांच्या जीवनपरिचयाच्या निमित्ताने मला हे चांगलेच कळले.

माझ्या वयाच्या वाचकांना हे नाव कदाचित नवे वाटेल. टीव्ही घरोघर येण्याआधी ज्यांच्या मराठी समालोचनातून रेडिओवर क्रिकेट ऐकले जाई, त्यांत पंडितांचे नाव आघाडीवर होते. क्रिकेटवर त्यांनी मराठीत भरपूर लिहिले, गावसकरांचे ‘सनी डेज’ मराठीत आणले. त्यांच्यावरचा पानभर मजकूर आमच्याकडे बाहेरून आला होता आणि तपासणीसाठी तो माझ्या वाट्याला आला. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही बंगळूरच्या महादेवपुऱ्यात राहतो, मी घरूनच काम करते. इथे शेजारी साखर मागितली तर मिळते, जुना मराठी दिवाळी अंक कुठून मिळणार?

पहिली चूक साध्या वजाबाकीची होती. जन्म २४ जुलै १९२९, निधन १७ सप्टेंबर २०१५, आणि वय लिहिले होते ८५. ते ८६ केले. पुढे ‘मुंबईकडून रणजी खेळले’ असे वाक्य होते. आपल्या राज्यातून रणजीला मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन वेगळे संघ उतरतात, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. गावसकर मुंबईचे, तर प्रा. दि. ब. देवधर महाराष्ट्राचे. पंडितही महाराष्ट्राकडून खेळले, १९५९-६०च्या हंगामात.

त्यानंतरचे वाक्य होते, ‘मराठीतले पहिले क्रिकेट समालोचक’. पत्रकारितेच्या पदविकेला आम्हाला शिकवणारे सर म्हणायचे, ‘पहिला’ हा शब्द दिसला की आधी पेन्सिल उचला. वि. वि. करमरकर ६ मार्च २०२३ रोजी गेले, तेव्हा त्यांना मराठी क्रीडा पत्रकारितेचे जनक म्हटले गेले. ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये त्यांनी खेळाच्या पानाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती पाहता ते योग्यच आहे. ‘जनक’ हा गौरव असतो, त्याला कोणी पुरावा मागत नाही. ‘पहिले’ हा मात्र दावा असतो. छापलेला शब्द शोधता तरी येतो. रेडिओवरचा आवाज हवेत विरला की विरला. मी ‘पहिले’ खोडून ‘अग्रगण्य’ लिहिले. शब्द थोडा गुळगुळीत आहे, पण खरा आहे.

खरी पंचाईत झाली ती शेवटच्या परिच्छेदात. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम हाताशी आलेला असताना प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. त्या ऐतिहासिक संघात तरुण पंडितही होते, असे मजकुरात लिहिले होते. किती छान ओळ! संपादकांनाही तीच आवडली होती.

आमच्या मजल्यावर एक मराठी काका राहतात. वय ८२, मूळचे पुण्याचे, दूरवाणीनगरच्या टेलिफोन कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना सहज विचारले तर ते खुर्चीत सरसावून बसले. ‘होते म्हणजे काय! होतेच!’ मला हायसे वाटले. दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाला, आणखी काय हवे? मग काका रंगात आले आणि १९७४ सालच्या बंगळूर कसोटीची गोष्ट सांगू लागले. चिन्नास्वामी मैदानावरची ती पहिली कसोटी, ते स्वतः गेले होते. ग्रीनिज आणि रिचर्ड्स दोघांचेही पदार्पण. ‘ग्रीनिजने दोन्ही डावांत शतक ठोकले, रिचर्ड्सला आपल्या चंद्राने दोन्हीदा उडवला!’

घरी येऊन पाहिले. चंद्रशेखरचे अगदी बरोबर, रिचर्ड्सच्या धावा ४ आणि ३. पण ग्रीनिज पहिल्या डावात ९३वर धावबाद झाला होता. दुसऱ्या डावात १०७. सात धावा काकांनी आपल्या पदरच्या घातल्या होत्या, आणि तेही डोळ्यांनी पाहिलेल्या सामन्यात! मग मनात हिशेब सुरू झाला. १९४८ साली काका असतील पाच वर्षांचे. पुन्हा त्यांच्याकडे गेले.

‘काका, पंडितांचे तुम्हाला कोणी सांगितले?’

‘आमच्या दादांनी. ते गेले होते ना सामन्याला.’

दादा म्हणजे त्यांचे वडील. ते गेले असतील, सामनाही पाहिला असेल. पण पंडितांचा रणजी हंगाम आहे १९५९-६०चा, म्हणजे अकरा वर्षांनंतरचा. निंबाळकरांबरोबर त्या दिवशी ४५५ धावांची भागीदारी करणारे होते भांडारकर, त्यांच्या २०५. पुढे दादा रेडिओवर पंडितांना ऐकत असणार. एक नाव दुसऱ्याला कधी चिकटले, कोण सांगणार?

मी ती ओळ काढली. संपादक फोनवर म्हणाले, ‘अहो, पानातली जान गेली!’ मी त्यांना दोन हंगाम वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘जागा भरून काढा.’ रिकाम्या तीन ओळींत मी ‘सनी डेज’च्या अनुवादाबद्दल लिहिले.

काकांना सांगणे अवघड गेले. त्यांच्याकडे वडिलांची फार गोष्टी उरलेल्या नाहीत, ही एक होती. ते ऐकून घेत राहिले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, ‘ग्रीनिजचे मात्र मी सांगितले तेच बरोबर आहे हं. मी तिथे होतो.’