बाटलींतलें मीठ

आमच्या अवसरी बुद्रुकास कोणी अंथरुणास खिळलें कीं शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “सलाइन लावलें का?” बाटली टांगलेली दिसली म्हणजे निम्मा आजार पळाला असें समजलें जातें. शिरेंतून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक पाण्यास आपण हें एकच नांव देऊन ठेविलें आहे, आणि आमच्या मतें घोटाळ्याचें मूळ त्या नांवांतच आहे.

आमच्या थोरल्या बंधूंचें यकृत पुण्यास बदलण्यांत आलें. मुलानें आपल्या यकृताचा भाग बापास दिला, तो लागूही पडला; परंतु तिसऱ्या दिवशीं लघवीचें मान घटलें. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, यकृत नवें बसलें, आतां मूत्रपिंडांनीं कां रुसावें? पाणी तर अखंड चाललें आहे!”

प्रश्न बिनतोड होता. यकृत कठीण झालेल्या रोग्याचीं मूत्रपिंडें शस्त्रक्रियेपूर्वींच अर्धपोटीं असतात. पोटांतील रक्तवाहिन्या सैलावतात आणि मूत्रपिंडांच्या आंवळतात. त्यांत शस्त्रक्रियेंतील रक्तस्रावाची, मोठ्या शिरा कांहीं काळ बांधून ठेवण्याची भर पडते. पुढें शरीरानें नवें यकृत नाकारूं नये म्हणून टॅक्रोलिमस देतात, तेंही त्याच वाहिन्या आंवळतें. अशा वेळीं पाणी हवेंच, पण कोणतें?

‘नॉर्मल सलाइन’च्या एका लिटरांत ९ ग्रॅम मीठ असतें. १८३२ सालीं स्कॉटलंडांत टॉमस लॅटा यांनीं पटकीच्या रोग्यांच्या शिरेंत क्षारांचें पाणी सोडलें. त्या उपायानें पुढें असंख्य जीव वांचले, हें ऋण विसरतां येत नाहीं. तथापि सलाइनमधील क्लोराइड लिटरास १५४ मिलिमोल, तर रक्तांत तें शंभराच्या आसपास. म्हणजे ‘नॉर्मल’ हें विशेषण उगीचच. बाटल्यांमागून बाटल्या गेल्या कीं रक्त आम्लतेकडे झुकतें, आणि क्लोराइडचा लोंढा मूत्रपिंडांच्या वाहिन्या आणखी आंवळूं शकतो. निरेच्या कालव्याखालीं पाणी मुबलक मिळूनच जमिनी खारावल्या, हें ज्यास ठाऊक आहे त्यास याचें नवल वाटूं नये.

रिंगर-लॅक्टेट वा प्लाझ्मा-लाइट यांची घडण रक्ताच्या अधिक जवळची. २०१८ सालीं अमेरिकेंतील १५,८०२ अत्यवस्थ रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली : मृत्यु वा मूत्रपिंडांची मोठी हानि सलाइन मिळालेल्यांत १५.४ टक्के, दुसऱ्यांत १४.३. अंतर लहान, आणि २०२२ सालीं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडांतील ५,०३७ रोग्यांत तर फरक आढळलाच नाहीं. यकृतारोपणाच्या रोग्यांपुरतें पाहतां, २०१४ सालच्या एका पाहणींत अधिक क्लोराइड मिळालेल्यांचीं मूत्रपिंडें अधिक बिघडलेलीं दिसलीं. पण अधिक आजाऱ्यास पाणीही अधिक लागतें, तेव्हां केवळ नोंदींवरून दोष मिठाचा कीं आजाराचा हें ठरत नाहीं. शिवाय लॅक्टेट पचविणें हें मुख्यतः यकृताचें काम, आणि नवें यकृत तर आतांच कामावर रुजू झालेलें! म्हणून कित्येक भूलतज्ज्ञ ॲसिटेटचें पाणी पसंत करितात. तें स्नायूंतही पचतें.

हें सारें ऐकून वहिनी इतकेंच म्हणाल्या, “मग बाटलीवर काय लिहिलें आहे तें कोणी वाचतें का?” अतिदक्षता विभागांतील तक्त्यावर प्रत्येक बाटलीचें नांव आणि माप लिहिलेलें होतें, डॉक्टरांनीं तो तक्ता त्यांस दाखविला. सहा दिवसांनीं लघवी वाढूं लागली. डायलिसिस करावें लागलें नाहीं.