वगळलेले गाणे

संगीतिका बसविणे म्हणजे गाणी बसविणे, असा माझा बरीच वर्षे समज होता. आपल्या संगीत नाटकांवर वाढलेल्या माणसाचा दुसरा कोणता असणार? पद रंगले की ‘वन्स मोअर’ यायचा, आणि कथा बिचारी विंगेत तिष्ठत उभी राहायची!

‘ओक्लाहोमा!’ची हकीकत वाचली आणि हा समज ढासळला. लिन रिग्ज यांच्या १९३१ सालच्या नाटकावरून रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टीन यांनी ते रचले. नाटक काढणारी थिएटर गिल्ड पैशाच्या ओढाताणीत, हॅमरस्टीनची मागली कित्येक वर्षे अपयशात गेलेली. अशा वेळी माणूस जपून पाऊल टाकील. यांनी पडदा उघडला तो नाचणाऱ्या मुलींच्या ताफ्यावर नव्हे, तर एकटीच लोणी घुसळीत बसलेल्या एका वयस्क बाईवर. आणि नायकाचा आवाज आधी ऐकू येतो तो विंगेतून!

मार्च १९४३ मध्ये न्यू हेवनला पहिले प्रयोग झाले, तेव्हा नाटकाचे नावही निराळे होते. तेथून बॉस्टन, मग न्यूयॉर्क. या तीन आठवड्यांत काटछाट चाललीच होती. एका गाण्याला सबंध समूहाचा आवाज मिळाला आणि त्याचेच नाव नाटकाला लाभले. दुसरे एक प्रेमगीत मात्र गळाले. ३१ मार्चला न्यूयॉर्कमध्ये आरंभ झालेल्या नाटकाचे पुढे २,२१२ प्रयोग झाले. त्या गाण्यावाचून कोणाचे काही अडले नाही.

माझे मन रेंगाळते ते त्या गाण्यापाशीच. १९४४ सालच्या एका चित्रपटासाठी ज्यूडी गारलँडने ते म्हटले. तेथूनही ते कापले गेले. १९४९ च्या चित्रपटात फ्रँक सिनात्राच्या वाट्याला आले, पुन्हा कात्री. ब्रॉडवेवर ते आले १९९६ साली, ‘स्टेट फेअर’मध्ये. तोवर दोघेही कर्ते हयात नव्हते.

वीस वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी मीही एक संगीतिका बसविली होती. प्रयोगाला दोन दिवस उरले असता सातवीतल्या एका मुलीचे गाणे मी काढून टाकले. त्याने कथा अडत होती; निर्णय चुकला असे आजही वाटत नाही. शब्द माझेच, म्हणून आपण केवढा त्याग केला, या तोऱ्यात मी होतो. तिच्या आईने त्या गाण्यासाठी हिरवे परकर-पोलके शिवले होते, हे मला कळले ते प्रयोगाच्या रात्री. ते घालून ती प्रेक्षकांत बसली होती.

गेल्या महिन्यात एसटी स्टँडवर ती भेटली. कडेवर मूल.

“सर, ते गाणं अजून पाठ आहे मला.”

“म्हण बघू,” मी म्हणालो.

“इथं?” ती हसली. तेवढ्यात तिची गाडी लागली. घरी येऊन मी जुन्या वह्या उपसल्या. संगीतिका सापडली, गाण्याचे पान तेवढे नव्हते.