ताटलीतला उंबर

कोल्हापुरात घराशेजारी उंबर सहसा कुणी मुद्दाम लावत नाही. तो आपणहून येतो. वटवाघळानं किंवा बुलबुलानं बी टाकलं, की वाड्याची भिंत, गच्चीचा कोपरा, विहिरीचं कडं, त्याला काहीही चालतं. पंचाईत होते ती घालवताना. ठेवला तर भिंत फोडणार आणि तोडायचा म्हटला तर घरातलं थोरलं माणूस अडवणार, "हात लावू नगा, दत्ताचं झाड हाय त्ये." कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, नृसिंहवाडीच्या ज्या औदुंबराखाली नृसिंह सरस्वतींनी १२ वर्षं वास्तव्य केल्याचं सांगतात, त्याच कुळातला हा. मग मधला मार्ग म्हणून तो मुळासकट कुंडीत जातो आणि घरात कुणाला नाद असला तर तिथून बोन्सायच्या ताटलीत.

या वतनदाराला आपण फक्त वाडीचा समजतो. पण ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या उत्तर भागात आणि किंबर्लीतल्या ओढ्यांच्या काठीही तो मूळचाच आहे. लिनियसनं १७५३ साली दिलेलं फायकस रेसिमोसा हे नाव दोन्हीकडं चालतं.

ताटलीत तो कुरकुर करत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला मुळं छाटा, नवी फुटतात. फांदी कापली की पांढरा चीक ठिबकतो. त्यावर पाणी मारलं की थांबतो. तार गुंडाळून विसरलात तर मात्र खोड फुगतं आणि तार सालीत रुतून बसते. पानांवर एका किडीमुळं पुटकुळ्या उठतात. तसली पानं खुडून टाकावीत. पाण्याला कंजुषी नको. गावाकडं विहीर खणणारे उंबर पाहून जागा धरतात, ते उगाच नाही. वेळच्या वेळी छाटणी झाली की वीतभर पानही आखूड होत जातं.

हट्ट एकच, फळाचा. वर्षांनी कधी खोडावर घोस धरला, तर फळ रानातल्या उंबराएवढंच! चार बोटं जाडीच्या खोडाला लिंबाएवढी फळं. आत फुलांची दाटी आणि त्यात केंबरांचा संसार. बारीक तोंडातून केंबराची मादी आत शिरते, परागीकरण करते, अंडी घालते. झाकलं ते झाकलेलंच राहू द्यावं म्हणून उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात. केंबरं पोचलीच नाहीत, तर फळं कच्चीच गळतात.

मापात बसत नाहीत म्हणून ही फळं खुडावीत, असा सल्ला कुणी ना कुणी देतोच. झाड अशक्त असेल तर जरूर खुडावीत. धडधाकट असेल तर राहू द्यावीत. उंची, वळण, पान सगळं आपल्या मर्जीनं झालं. एवढ्या एका बाबतीत त्याचं ऐकलं तर बोन्सायवाल्याचं काय बिघडतं?