अण्णा आणि नागेश्वरची वाट

खेड तालुक्यातील चोरवणे गावातून सह्याद्रीच्या माथ्याकडे एक वाट चढते. ती नागेश्वरला जाते. कड्याच्या पोटात गुहा, गुहेत शिवलिंग आणि छतातून ठिबकणारे पाणी, असे ते स्थान आहे. महाशिवरात्रीला कोकणातील भाविक या वाटेने वर चढतात; साताऱ्याकडील मंडळी बामणोलीहून होडीने शिवसागर जलाशय ओलांडून येतात. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणापासून ही चढण चढत आले होते. वयाच्या ७७व्या वर्षी ती मी बंद केली.

कारणे तशी सबळ होती. त्या वर्षी रक्तदाबाचे औषध वाढवावे लागले होते, मधुमेह जुनाच होता आणि उतारावर गुडघे दुखत होते. मी डॉक्टर आणि मुलगाही. दोन्ही नात्यांनी मला एकच वाक्य सुचले, ‘‘अण्णा, आता पुरे.’’ त्यांनी वाद घातला नाही. ‘‘तू म्हणतोस तर राहू दे,’’ एवढेच म्हणाले आणि कोपऱ्यातली काठी माळ्यावर ठेवून दिली.

माझ्या हिशेबी मी वर्षातला एक धोक्याचा दिवस टाळला होता. प्रत्यक्षात काय टाळले गेले, ते पुढे कळले. अण्णा दिवाळी संपली की नागेश्वरच्या तयारीला लागत. भाट्याच्या किनाऱ्यावरचा फेरा हळूहळू वाढवीत, आठवड्यातून दोनदा घरामागची पाखाडी चढून देवळात जात. देवदर्शनाचे निमित्त करून ते चार महिने स्वतःचा व्यायामवर्गच चालवीत होते. नागेश्वर गेले तसा फेराही गेला. मग पाखाडी गेली. मग ‘पेपर आणून दे रे’ सुरू झाले. आठ महिन्यांनी ते न्हाणीघरात पडले. हाड मोडले नाही, हे नशीब. पण खुर्चीवरून हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते, हे मी पाहिले, तेव्हा आकडा आला चार. ज्या मांड्यांनी सह्याद्री चढला, त्या मांड्यांचे मांस उतरले होते. वृद्ध माणूस नुसता दहा दिवस अंथरुणावर राहिला, तरी पायांचे स्नायू घटतात. इथे तर आठ महिने गेले होते. असे ‘आता पुरे’ मी किती रुग्णांना सांगितले असेल, याचा हिशेब मी त्या रात्री करू लागलो आणि मधेच थांबवला.

त्याच हिवाळ्यात भाच्याबरोबर वासोट्याला जाण्याचा योग आला. वासोट्याच्या वाटेवरूनच नागेश्वरकडे फाटा फुटतो, म्हणून मीही निघालो. हा सारा प्रदेश कोयना अभयारण्यात येतो. १९८५ साली घोषित झालेले हे अभयारण्य ४२३ चौरस किलोमीटरहून मोठे आहे. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याची हद्द सातारा, सांगली, कोल्हापूर आणि आपला रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांना स्पर्श करते. तेथे मनास येईल तेव्हा आणि मनास येईल तेथून शिरता येत नाही. बामणोलीला वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. पलीकडे उतरल्यावर सोबतच्या प्लॅस्टिकच्या वस्तू मोजल्या जातात आणि परतताना त्या तितक्याच दाखवाव्या लागतात. मुक्कामाला मनाई आहे. संध्याकाळच्या आत परतायचे असते आणि पावसाळ्यात वाट बंद राहते. भाचा कुरकुरत होता. मला मात्र चौकीवरच्या त्या नियमांत ओळखीचे काही दिसत होते. औषधाच्या चिठ्ठीवर आम्ही हेच लिहितो : किती, केव्हा, किती दिवस आणि काय टाळायचे.

घरी आल्यावर मी या विषयावर थोडे वाचन केले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील प्रवेशावर बंधने घातली, पण अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी परवान्याचे दारही ठेवले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही महिने थांबवले होते. मग राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि मर्यादा घालून पर्यटन पुन्हा सुरू झाले. गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन असावे, असे ती तत्त्वे सांगतात. जंगलाच्या रखवालदारांपुढेही सगळे खुले किंवा सगळे बंद, हे दोन सोपे पर्याय होते. त्यांनी तिसरा, कष्टाचा पर्याय निवडला : ठरलेली वाट, ठरलेली वेळ, ठरलेली संख्या.

ही संख्या ठरवण्याची रीत मला विशेष भावली. तिला ‘वहनक्षमता’ म्हणतात आणि ती तीन पायऱ्यांनी काढतात. पहिली पायरी नुसत्या जागेची : एवढ्या लांबीच्या रस्त्यावर पुरेसे अंतर राखून किती मावतील? दुसऱ्या पायरीवर त्यातून वजाबाकी होते. जमिनीची धूप, प्राण्यांना होणारा उपद्रव, वाट बंद ठेवण्याचा काळ हे सारे वजा करून खरी क्षमता उरते. तिसरी पायरी मनुष्यबळाची : देखरेखीला माणसे पुरेशी नसतील, तर आकडा आणखी खाली येतो.

हे वाचताना माझ्यासमोर अण्णा होते. त्यांच्या हृदयाला आणि पायांना जास्तीत जास्त काय झेपेल, ही पहिली पायरी. त्यातून फेब्रुवारी-मार्चचे कोकणातले ऊन, लघवी वाढवणारे रक्तदाबाचे औषध, साखर एकदम उतरण्याची भीती आणि उतरताना गुडघ्यांवर येणारा भार हे वजा करायचे, ही दुसरी. आणि सोबत कोण असेल, त्याला काय काय ठाऊक असेल, ही तिसरी. मी डॉक्टर म्हणून पहिल्याच पायरीवर थांबलो होतो आणि वजाबाकी न करता थेट शून्य लिहून मोकळा झालो होतो. तिसऱ्या पायरीचा तर विचारही केला नव्हता. ती पायरी म्हणजे आम्ही घरचेच, आणि आम्हाला सवड नव्हती.

अण्णांची काठी मी माळ्यावरून काढली. पहिले सहा आठवडे फक्त खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला धरून टाचा उचलणे आणि अंगणात दहा मिनिटे चालणे. मग भाट्याची ओली, घट्ट वाळू. मग पाखाडीच्या दहा पायऱ्या, मग वीस. चालताना बोलता येते ना, हीच कसोटी. वाक्य तुटू लागले की थांबायचे. ज्येष्ठांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्हाला तेथवर पोहोचायला वर्ष लागले. उठण्या-बसण्याचा आकडा चारावरून नऊवर आला.

गेल्या महाशिवरात्रीला आम्ही पहाटे चोरवण्याला पोहोचलो. त्या दिवसाची व्यवस्था काय आहे, याची चौकशी आधीच केली होती. अण्णांशी करार झाला होता : दीड तास चढायचे, साडेआठला जेथे असू तेथून परतायचे, मग शिखर दिसो वा न दिसो. तीर्थ आणायला भाचा वर जाईल. सकाळचे मधुमेहाचे औषध त्या दिवसापुरते कमी केले होते. खिशात गूळ, पाण्यात मीठ-साखर, दोन काठ्या.

चढताना एक गोष्ट ध्यानात आली. वाट जेथे वळणे घेत चढते, तेथे अण्णांचे पाऊल स्थिर पडत होते. जेथे घाईच्या माणसांनी दोन वळणांमधून सरळ आडवाट पाडली होती, तेथे पावसाच्या लोटाने माती वाहून घळ झाली होती आणि सुटे दगड पायाखाली घरंगळत होते. अण्णा तेथेच दोनदा अडखळले. वाटा आखणारे जाणकार शक्य तेथे सरासरी दहा मीटरला एक मीटर इतकाच चढ ठेवावा म्हणतात, म्हणजे पाणी वाटेवरून धावत नाही. आमची ही वाट त्याहून कितीतरी खडी. पण तत्त्व तेच. जी वाट मातीला सोसते, तीच म्हाताऱ्या पायालाही सोसते. आडवाट टाळणे हे जंगलावरचे उपकार नव्हेत. मागून येणाऱ्या एखाद्या आजीचा घोटा त्याने वाचतो.

साडेआठ वाजले. अण्णा एका दगडावर बसले. वरचा कडा उन्हात आला होता. ‘‘अजून अर्धा तास?’’ त्यांनी विचारले. मी घड्याळ पुढे केले. ते बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘आधी सांगून ठेवलंस ते बरं केलंस. इथे सांगितलं असतंस तर ऐकलं नसतं.’’ मग त्यांनी तेथूनच हात जोडले. डोळे भरले होते, माझेही. आम्ही उतरलो तेव्हा दुपारची उन्हे चढायची होती. तीर्थ संध्याकाळी घरी पोहोचले.

संरक्षित जंगलातील वाटांचे नियोजन करणाऱ्यांकडे एका डॉक्टरची मागणी आहे. वाटेच्या तोंडाशी एक प्रामाणिक पाटी असावी. ‘पुढे रस्ता कठीण आहे’ एवढ्यावर ज्येष्ठांचे भागत नाही. अंतर किती, चढ किती, पाणी आणि सावली कोठे, बसण्याजोगी जागा कोठे, फोन कोठवर लागतो आणि समाधानाने परतता येईल असे पहिले ठिकाण कोणते, हे पाटीने सांगावे. त्या पहिल्या ठिकाणी एक बाक असला, तर कितीतरी ज्येष्ठ तेथवरच जातील आणि तृप्त होऊन परततील. वरच्या वाटेवरची गर्दीही त्याने कमी होईल.

आणि घरच्या मंडळींना विनंती. आपल्या घरातील ज्येष्ठ कोठे जाऊ म्हणाले, तर ‘जा’ किंवा ‘नको’ म्हणण्याआधी पुढील गोष्टी पाहा. त्या जागेचे नियम आणि वेळा आधी विचारा. तीन महिने आधी सराव सुरू करा. छातीत दुखणे, चक्कर, थोड्या श्रमाने धाप किंवा पायांवर सूज असेल, तर सरावाआधी तपासणी हवीच. प्रवासाच्या दिवशी औषधे कशी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. परतण्याची वेळ घरीच ठरवा आणि ती ज्येष्ठांच्या संमतीने ठरवा. उतरायला चढण्याइतकीच शक्ती राखून ठेवा, कारण बहुतेक पाय उतारावरच घसरतात. आणि कोणीतरी त्यांच्या चालीने चाला; पुढे जाऊन वाट पाहत उभे राहू नका.

यंदा दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी अण्णांनी काठी पुसून दाराशी ठेवली. ते आता ८० वर्षांचे आहेत. साडेआठऐवजी पावणेनऊ करता येईल का, असे विचारत होते. मी म्हटले, पाखाडीवर बघू.